राणी कलर

दुपारचे अडीच. लक्ष्मी रोडवरच्या मॅचिंग सेंटरमध्ये गिऱ्हाईक मी एकटीच. पिशवीत वहिनीची साडी, आणि साडीच्या काठाला असा एक रंग, की ज्याला मी गुलाबी म्हणत होते, वहिनी जांभळा म्हणत होती आणि भाऊ "लालच आहे की" म्हणून पुन्हा पेपरात डोकं घालून बसला होता. दुकानातल्या काकांनी काठ दोन बोटांत धरला, दारापाशी उजेडात नेऊन बघितला (ट्यूबलाइटवर विश्वास ठेवणारा मॅचिंगवाला मला अजून भेटायचाय) आणि वळूनसुद्धा न बघता पोऱ्याला म्हणाले, "राणी काढ. डार्क नको, त्याच्या खालचा."

राणी कलर! जन्मभर ऐकतेय हा शब्द, पण कुठली राणी, हे काही विचारलं नव्हतं. बाकीच्या रंगांचा ठावठिकाणा लागतो. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, वांगी, बदामी, लिंबू. आपले निम्मे रंग मंडईतून थेट कपाटात आलेत. अबोली फुलपुडीतून आली. राणी कुठून आली? काकांना विचारलं तर म्हणाले, "राणी म्हणजे राणी. लग्नसराईत फार खपतो."

पोऱ्या शिडीवर चढला आणि मी स्टुलावर बसल्या बसल्या दुसऱ्याच एका राणीकडे गेले.

१७७५ चा उन्हाळा. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत (शाळेच्या पुस्तकात ही मेरी अँटोनेट होती) तपकिरीकडे झुकणाऱ्या, जरा मळकटच रंगाचा रेशमी झगा घालून आली. नवरा, म्हणजे सोळावा लुई, हसून म्हणाला, हा तर पिसवेचा रंग! झालं. सगळ्या दरबाराला पिसवेचा रंग हवा झाला. मग रंगाऱ्यांनी त्यातही छटा काढल्या. म्हातारी पिसू, तरुण पिसू, पिसवेचं पोट, पिसवेची पाठ. आपल्याकडं कुठल्या नवऱ्यानं बायकोच्या नव्या साडीला पिसू म्हटलं असतं, तर ती साडी दुसऱ्या दिवशी बोहारणीकडे गेली असती. तिथं फॅशन झाली. पुढं तिच्या केसांच्या रंगाचीही टूम निघाली, आणि बरोब्बर तोच रंग उतरावा म्हणून तिच्या केसांची बट लियोंच्या रेशीमवाल्यांकडे नमुन्याला गेली. म्हणजे मॅचिंगच की! काठ उजेडात धरणारे एक काका तिथंही असणार. तेव्हा अस्सल राणी कलर एकदाच निघाला म्हणायचा, आणि तो राखी झाक असलेला सोनेरी होता. हे मी काकांना सांगितलं नाही. लग्नसराईत खपला नसता.

आता ही बाई म्हटली की लोकांना केक आठवतो, "पाव नाही तर केक खा" वाला. ते वाक्य तिचं नाही. कुणा एका थोर राजकन्येच्या नावावर रूसो या लेखकानं ते लिहिलं, तेव्हा ही व्हिएन्नात दहा-अकरा वर्षांची पोर होती. पण लोकांना एकदा वाक्य सापडलं, की त्याला तोंडही सापडतं. तिचं स्वतःचं खाणं ऐकाल तर पथ्याचं. सकाळी कॉफी नाहीतर चॉकलेट, जेवताना पाणी, रात्री सूप, कोंबडीचा एखादा तुकडा आणि पाण्यात बुडवलेली छोटी बिस्किटं. चहात खारी बुडवणाऱ्या माणसानं तिला नावं ठेवू नयेत. जाहीर जेवणाला तर ती हातमोजेही काढायची नाही. हो, जाहीर. राजाराणी जेवताहेत हे बघायला नीटनेटक्या कपड्यातलं कुणीही येऊन उभं राहू शकत असे. पुरुषाला कमरेला तलवार लागायची, ती व्हर्सायच्या राजवाड्याच्या फाटकावर भाड्यानं मिळे. राजा चापून जेवायचा. ती नुसती बसायची.

माझ्या डोक्यात मात्र तिची एक वही बसलीय. ‘गॅझेट दे झातूर’. राणीच्या पोशाखांची वही. १७८२ सालची एक अजून पॅरिसच्या सरकारी दफ्तरखान्यात जपून ठेवलेली आहे. पानापानावर कापडाचे बोटभर तुकडे चिकटवलेले, शेजारी कुठला झगा ते लिहिलेलं. रोज सकाळी ही वही आणि टाचण्यांची उशी तिच्यापुढं यायची. ती तीन टाचण्या खोचायची. सकाळचा एक, दुपारचा एक, रात्रीचा एक. की वही परत खाली आणि कपडे वर! दर हिवाळ्याला बारा दरबारी झगे, बारा साधे, बारा घेरदार, उन्हाळ्याला पुन्हा तितकेच. मोसम संपला की ते दरबारातल्या बायकांच्या हक्काचे. कपड्यांसाठी वर्षाला १,२०,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मंजूर होते. १७८५ मध्ये खर्च झाला २,५८,०००. पॅरिसहून रोझ बर्तँ नावाची शिंपीण आठवड्यातून दोनदा नवी नवी खुळं घेऊन यायची. शिंपीण म्हटलेलं तिला चाललं नसतं, लोक तिला फॅशनची मंत्री म्हणत. तिच्या दुकानाचं नाव काय असावं? ‘ग्राँ मोगोल’. थोर मोगल! इकडं दिल्लीत मोगल बादशहाला कुणी विचारत नव्हतं, तिकडं त्याच्या नावावर टोप्या खपत होत्या.

(आणि पुण्यात? १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ याच शहरात येऊन, मी फ्रान्सच्या राजाचा वकील, असं सांगत नाना फडणविसांना भेटला. इंग्रजांच्या पोटात गोळा आला. वाटाघाटी तोफांच्या नि बंदरांच्या झाल्या. तुमची राणी नेसते काय, हे कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. आमच्या आजीनं पहिलं तेच विचारलं असतं.)

सांगायचं वेगळंच होतं. ती सकाळी टाचणी खोचायची तेवढीच काय ती तिची मर्जी. पुढं कपडे घालणं तिच्या हातात नव्हतं. तिच्या पदरी असलेल्या मादाम काँपाँनं एका हिवाळ्यातली सकाळ लिहून ठेवलीय. राणी उघडी उभी. काँपाँच्या हातात आतला सदरा, अंगात घालायचा तेवढा बाकी. इतक्यात थोरल्या मानकरीण बाई आल्या. त्यांचा मान मोठा, म्हणून त्यांनी घाईघाईनं हातमोजे काढून सदरा घेतला. तेवढ्यात दारावर खरवडल्याचा आवाज. टकटक करायची पद्धत नव्हती, नखानं खरवडायचं. ओर्लेआँची डचेस. तिचा मान त्याहून मोठा. पण मानकरणीनं डचेसला परस्पर द्यायचं नसतं, म्हणून सदरा परत काँपाँकडे आणि काँपाँकडून डचेसकडे. पुन्हा खरवड. आता दिराची बायको, प्रोव्हाँसची काउंटेस. सदरा तिच्या हाती. राणी छातीवर हातांची घडी घालून कुडकुडतेय. जावेला तिची दया आली, हातमोजे न काढताच तिनं सदरा चढवला आणि त्या गडबडीत राणीचे केस विस्कटले. राणी हसली, आणि पुटपुटत राहिली, "काय हा वैताग! शी!"

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचं स्वयंपाकघर आठवलं.

दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आजोबा, काका आणि येणारे-जाणारे. आईनं साडी नेसायची ती स्वयंपाकघरात, आणि त्या दाराची कडी कधीचीच मोडलेली. लग्नाला निघायचं असलं की आई दार लोटून आतून त्याला पाटा लावायची आणि बाहेर मला उभी करायची. "कोणी आलं तर सांग, आई नेसतेय." मी सहा-सात वर्षांची, फ्रॉकच्या खिशात हात घालून दारवान. आणि नेमकं तेव्हाच सगळ्या जगाचं आत काम निघायचं. आजोबांना पाणी हवं, माठ आत. काकांना दाढीला गरम पाणी हवं, स्टोव्ह आत. शेजारच्या माई वाटी घेऊन साखरेला. "बाई मीच आहे, मला काय लाजायचं," म्हणत माई पाट्यासकट दार ढकलून आत, आणि आत गेल्यावर म्हणे, "निऱ्या जरा खाली ओढ गं." आईच्या तोंडात पिना, त्यामुळं तिला बोलता यायचं नाही. मग ती पिना काढून एकदाच म्हणायची, "घटकाभर दार लोटायचंही सुख नाही या घरात."

मला तेव्हा वाटायचं, आईला रंगाचं सुख आहे, काठाचं आहे, दाराचं कसलं सुख? आता दुकानातल्या ट्रायल रूमबाहेरून मुलगी "झालं का मॅडम?" म्हणते, तेव्हा मला तो झगा न घालताच परत द्यावासा वाटतो. देतेही. माझ्या निऱ्यांना दुसऱ्याचा हात लागलेला मला आजही खपत नाही, मग त्या शेपटासारख्या का दिसेनात.

मारी आंत्वानेतला दार मिळालं ते त्रिआनोंत. १७७४ मध्ये नवऱ्यानं व्हर्सायच्या बागेतला तो छोटा वाडा तिला देऊन टाकला. तिथं ती खोलीत आली तरी बायकांनी हातातलं भरतकाम टाकायचं नाही, पुरुषांनी बिलियर्ड थांबवायचं नाही. तिच्या बसायच्या खोलीत तर असे आरसे बसवले होते, की यंत्र फिरवलं की जमिनीतून वर येऊन खिडक्या झाकायचे. मला वाटतं, हिऱ्यांहून तिला ही कळ जास्त आवडत असणार. शेजारी तिनं एक लुटुपुटीचं खेडं बांधून घेतलं. गाई खऱ्या, दूधही खरं, घरांच्या भिंतींना पडलेल्या चिरा मात्र रंगवलेल्या! त्या चिरांवर मी तिला माफ करायला तयार नाही. खऱ्या चिरांच्या घरात राहणारे लोक मैलभरावर होते.

पण तिथला तिचा पोशाख मला आवडतो. पांढरा सुती झगा, कमरेला पट्टा, गवताची टोपी. मलमल, म्हणजे मुळात आपल्याकडची, बंगालातली. मोसमागणिक वाटून टाकायच्या झग्यांत हे मलमलीचे झगे धरत नसत. ते ती वर्षानुवर्षं ठेवायची. आपल्याही कपाटात तळाशी एक विटलेलं सुती असतंच. १७८३ मध्ये चित्रकार विजे-लब्रँनं तिला त्याच वेशात रंगवून चित्र प्रदर्शनात ठेवलं, तर केवढा गहजब! राणी आतल्या सदऱ्यावरच बसली, म्हणे. लियोंचे रेशीमवाले चिडले ते निराळेच. चित्र उतरवावं लागलं आणि तिथं तेच गुलाबाचं फूल हातात दिलेली, पण रेशमातली राणी टांगली. रेशमात होती तेव्हा उधळी, सुतात आली तेव्हा उघडी.

दोन वर्षांनी कुणा भामटीनं तिच्या नावावर १६ लाख लिव्रांचा हिऱ्यांचा हार उकळला. हिनं तो घेतलेलाही नव्हता. लोकांनी तो तिच्या गळ्यात घातलाच.

पोऱ्यानं तीन ठाणं माझ्यापुढं टाकली. तिन्ही राणी, तिन्ही वेगळ्या. काका म्हणाले, "मधलं घ्या, डोळे मिटून." मी ऐंशी सेंटिमीटर फाडायला सांगितलं. (आईच्या वेळी सत्तरमध्ये भागायचं. असो.) कात्रीनं एक चीर दिली आणि कापड टरकन फाटलं. तो आवाज मला लहानपणापासून आवडतो.

घरी येताना रिक्षात दुसरा एक सदरा आठवत राहिला. १६ ऑक्टोबर १७९३, पॅरिसमधला काँसिएर्जरीचा तुरुंग. राज्यक्रांती झालेली, राणीला गिलोटिनवर न्यायची ती सकाळ. नवरा जानेवारीतच गेलेला. काळा झगा घालायला बंदी, म्हणून ती पांढरा घालणार होती. आतला सदरा रक्तानं भरला होता, तो बदलायचा होता. खाट आणि भिंत यांच्यामधल्या बोळकंडीत ती उतरली आणि हाताखालच्या रोझाली नावाच्या पोरीला तिनं पुढं आडोशाला उभं केलं. पहाऱ्यावरचा अंमलदार उशाशी येऊन बघायला लागला. तिनं खांद्यावर रुमाल ओढून घेतला आणि म्हणाली, सभ्यतेसाठी तरी, महाशय, मला कुणी न बघता कपडे बदलू द्या. तो म्हणाला, मला हुकूम आहे.

रोझालीनं हे पुढं म्हातारपणी सांगितलं. राणीनं कसाबसा सदरा बदलला. मग जुन्याची नीट गुंडाळी केली, त्याच्याच एका बाहीत ती खोचली, आणि भिंतीत एक फट दिसली, तिथं ती आत सरकवून दिली.