‘पाण्यातून द्या’ म्हणे!

चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ‘पाव गोळी, पाण्यातून, दोन वेळा’. घरात दीर्घ आजाराचं लहान मूल असेल, तर सगळं घोडं या ‘पाण्यातून’पाशीच पेंड खातं. किती पाणी? गोळी विरघळते की नुसती भिजते? तळाशी राहिलेल्या गाळाचं काय करायचं? विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘सगळे असंच देतात.’ या उत्तराची मला अजूनही चीड येते.

प्रेडनिसोलोनची (हे सूज कमी करणारं स्टिरॉइड) गोळी कडूजहर. ती कपभर पाण्यात टाकली की कपभर पाणी कडू होतं. मूल दोन घोट घेऊन तोंड घट्ट मिटतं आणि पोटात नेमकं किती गेलं, हे कुणालाच सांगता येत नाही. दुधाच्या बाटलीतही तेच. निम्मं दूध उरलं म्हणजे निम्मा डोस उरला, शिवाय मूल दुधावरच रुसतं ते वेगळंच.

म्हणून पाणी अगदी थोडं. तोंडाने औषध द्यायची बिनसुईची सिरिंज घ्यायची, ५ मिलीची. दट्ट्या काढून गोळी आत टाकायची, दट्ट्या परत बसवायचा आणि २-३ मिली पाणी ओढून घ्यायचं. टोकावर बोट धरून हलवायचं, थोडा वेळ थांबायचं. बऱ्याच साध्या गोळ्या यात फुटून मिसळतात. औषध देऊन झालं की त्याच सिरिंजमध्ये १-२ मिली पाणी ओढून, हलवून तेही पाजायचं. आत चिकटलेली पूड त्यात येते. हे धुवण टाकून दिलं तर रोज थोडं थोडं औषध वाया जातं.

पाव गोळीचं दुखणं वेगळंच. सुरीने कापली की एक तुकडा मोठा, एक छोटा आणि उरलेला चुरा. गोळी १० मिली पाण्यात मिसळून २.५ मिली घ्या, असंही सांगतात. पण औषध तळाशी बसणारं असेल, तर वरचं पाणी फिकं आणि खालचं जहाल. तुमच्या औषधाला हे चालतं का, ते औषधतज्ज्ञाला विचारूनच करा. त्याआधी एक विचारा, हेच औषध पातळ मिळतं का? मिळालं तर बाटलीवरची ताकद वाचा. प्रेडनिसोलोनचंच बघा, ५ मिलीत ५ मिग्रॅ आणि ५ मिलीत १५ मिग्रॅ, दोन्ही असतात. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं, तर डोस तिप्पट! चिठ्ठीवर मिग्रॅ आणि मिली दोन्ही लिहून घ्या. घरातल्या चमच्याने मोजू नका.

पाजताना मूल ताठ बसलेलं हवं. सिरिंजचं टोक गाल आणि हिरडीच्या मधे, एका वेळी अर्धा ते एक मिली, गिळलं की पुढचं. घशात पिचकारी मारली किंवा नाक दाबलं तर ठसका लागतो, औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. आधी थंडगार काहीतरी चोखायला दिलं की जीभ बधिर होते, कडूपणा कमी लागतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र नको.

‘औषध घेतोस का?’ असं विचारायचंच नाही, उत्तर ‘नाही’च येणार. ‘आधी गोळीचं की सिरपचं?’ असं विचारा.

कुटायच्या आधीही विचारा. हळूहळू सुटणाऱ्या किंवा आतड्यात विरघळण्यासाठी लेप दिलेल्या गोळ्या कुटल्या की त्यांचं कामच बिघडतं. स्वादुपिंडाच्या एन्झाइमची, म्हणजे अन्न पचवणाऱ्या द्रव्यांची, कॅप्सूल उघडून दाणे आंबटसर फळाच्या चमचाभर गरावर टाकता येतात, पण चिरडायचे नाहीत. नंतर हिरड्या बघा, अडकलेल्या दाण्याने तोंड येतं.

उलटी झाली तर पुन्हा द्यायचं का, हे उलटी व्हायच्या आधीच विचारून ठेवा. प्रत्येक औषधाचं उत्तर वेगळं असतं. फिट्सच्या औषधाबाबत तर फोन केल्याशिवाय स्वतः ठरवू नका.

आणि हो, सिरिंजवरचे आकडे धुऊन धुऊन पुसट होतात. रेघ नीट दिसेना झाली की नवी घ्या.