खांद्यांचा हंगाम : पुण्यात राहून सर्फिंग

मागची नोंद अश्वेमच्या फेसात संपली होती. गोव्याच्या उत्तरेला मांद्रे-अश्वेमकडे वाळू हळूहळू उतरत जाते. कमरेएवढ्या पाण्यात थांबायचं, लाट फुटून पांढरी झाली की बोर्डावर पालथं पडायचं, आणि तो फेसच आपल्याला किनाऱ्याकडे रेटत नेतो. तेवढ्यात उभं राहणं जमलं होतं. या हिवाळ्यात फेस सोडून न फुटलेल्या, हिरव्या लाटेवर जायचं ठरवलं होतं. ते आता जमायला लागलंय, म्हणून ही नोंद. सगळ्यात आधी सांगण्यासारखी गोष्ट ही की त्यात पायांचा वाटा फार थोडा आहे. काम खांद्यांचं आहे, आणि ते जवळजवळ सगळं पुण्यात झालं.

(पुण्यात सर्फिंग शिकतेय म्हटलं की ऑफिसात ठरलेला प्रश्न येतो: "कुठे, खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पुलावर?" दर पावसाळ्यात नव्याने विचारला जातो. असो.)

खांदेच का, ते जरा सविस्तर सांगते, कारण वीकेंडला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या डोक्यात सर्फिंग म्हणजे उभं राहणं एवढंच असतं. उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. मीटरभर उंचीची लाट साधारण सव्वा मीटर खोलीवर फुटते, आणि तिथे तिचा वेग ताशी १२-१३ किलोमीटर असतो. बोर्डावर पालथं पडून हातांनी वल्हवणारा नवखा माणूस जेमतेम त्याच्या निम्म्याने जातो. उरलेला वेग उतार देतो: लाट मागून आली की बोर्डाची शेपटी उचलली जाते आणि बोर्ड लाटेवरून खाली घसरायला लागतो. आपण जितके जोरात पुढे जात असू तितक्या लवकर, म्हणजे लाट अजून सौम्य असतानाच, ही घसरण सुरू होते. मग उभं राहायला निवांत वेळ मिळतो. हात मंद असतील तर लाट एकतर खालून निघून जाते, नाहीतर अगदी उभी झाल्यावर, फुटायच्या बेतात असताना आपल्याला उचलते. तेव्हा बोर्डाचं नाक सरळ पाण्यात घुसतं आणि आपण त्याच्यावरून पुढे. लोक याला बॅलन्सचा प्रॉब्लेम म्हणतात आणि घरी बॅलन्स बोर्ड विकत आणतात. माझ्या मते ते पैसे पोहण्याच्या तलावाच्या पासवर घालावेत.

तर हिवाळाभर टिळक टँक. सकाळची बॅच, पाणी गार, शेजारच्या लेनमध्ये संथ ब्रेस्टस्ट्रोक मारत भिशीचा हिशोब करणाऱ्या दोन काकू. मांड्यांमध्ये पुल बॉय (फोमचा तरंगता ठोकळा) धरायचा म्हणजे पाय आपोआप बाद होतात, आणि फक्त हातांनी फ्रीस्टाइल. त्यातही डोकं पाण्याबाहेर, वॉटर पोलोवाले पोहतात तसं. बोर्डावर छाती उचललेली आणि नजर समोर असते, त्यामुळे मानेला आणि कमरेलाही तीच सवय हवी. तलावावरच्या सरांना हे बघवत नव्हतं. "मान खाली, मान खाली! कुणी शिकवलं तुम्हाला?" कारण सांगितल्यावर त्यांनी हात जोडले, पण नंतर स्वतःच एक उपयोगी गोष्ट दाखवली. हात पाण्यात शिरल्यावर कोपर वरच ठेवायचं, आणि आधी तळहात-मनगट खाली वळवून पाणी धरायचं, मगच मागे ओढायचं. सरळ ताठ हात खाली दाबला तर अर्धा जोर आपल्याला वर उचलण्यात जातो. पुढे नेणारा जोर आडवा ओढण्यातून येतो. ही एक दुरुस्ती बाकी सगळ्या मेहनतीपेक्षा जास्त कामाची निघाली.

पॉप-अपबद्दल, म्हणजे पालथ्याचं एका झटक्यात बोर्डावर उभं राहण्याबद्दल, फार लिहीत नाही. घरच्या फरशीवर चटई टाकून सगळेच करतात. ज्यांना तालमीतले जोर येतात त्यांना अर्धा पॉप-अप आधीच येतो: हात बरगड्यांपाशी, छाती वर, मग एका दमात पाय खाली. गुडघा टेकवायची सवय लागू द्यायची नाही, एवढंच.

थंडी ओसरताना मुल्की, कर्नाटकच्या किनाऱ्यावर मंगळुरूजवळ. पुण्याहून रात्रीची स्लीपर. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, यल्लापूर, मग अरबैल घाट उतरून अंकोल्याला किनारपट्टी लागते आणि तिथून खाली कुमटा, भटकळ, उडुपी. प्रवास लांबलचक आणि कंटाळवाणा आहे, त्यात गंमत शोधू नका. भारतातलं सर्फिंग जिथून पसरलं त्या जागांत मुल्कीचं नाव पहिलं येतं. 'सर्फिंग स्वामी' म्हणून ओळखले जाणारे जॅक हेब्नर यांनी इथेच आश्रम आणि क्लब थाटला. शेजारच्या ससिहित्लुला शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात, मुखाशी वाळूचे बांध तयार होतात आणि त्या बांधांवर लाट नीट आकार घेऊन फुटते. २०१६ मध्ये इंडियन ओपन ऑफ सर्फिंग याच किनाऱ्यावर झाली होती.

पाण्यात उतरायचं ते उजाडताच. दुपारपर्यंत जमीन तापते, समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटांचा चोथा होतो. पहाटे उलट, जमिनीवरून हलका वारा समुद्राकडे जातो आणि लाटेचा पुढचा भाग गुळगुळीत राहतो. पाणी कोमट, वेटसूटची गरजच नाही. लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट टी-शर्ट) मात्र हवाच, नाहीतर सॉफ्टटॉपवर, म्हणजे वरून फोम असलेल्या शिकाऊ बोर्डावर, पोट आणि बरगड्या सोलवटून निघतात.

बोर्ड तिथलाच, आठ फुटी सॉफ्टटॉप, आकारमान ८० लिटरच्या आसपास. शिकवणारा मुलगा तुळू बोलणारा, माझ्याहून बराच लहान. मी त्याला अण्णा म्हणायचे, तो मला आधी मॅडम आणि मग अक्का. त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे मला बोर्डावर पालथं पाडून नाकाकडे बघायला लावलं. नाक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर असलं पाहिजे. त्याहून वर म्हणजे आपण मागे आहोत आणि बोर्ड पाणी ढकलतोय. पाण्याला टेकलं म्हणजे फार पुढे. जागा सापडल्यावर हनुवटीखाली बोर्डावर काय येतं ते लक्षात ठेवायचं. माझ्या बोर्डावर तिथे निळ्या पट्टीला एक चिरा गेलेला होता. मग दर वेळी हनुवटी त्या चिऱ्यावर.

"रुको, अक्का, रुको... अब. हाथ गहरा! और दो!" हे "और दो" फार महत्त्वाचं. शेपटी उचलली गेली की मागून कुणीतरी झोका दिल्यासारखं वाटतं आणि त्याच क्षणी हात थांबवून उठावंसं वाटतं. तिथे उठलं की लाट निसटते. बोर्ड स्वतःहून धावायला लागेपर्यंत अजून दोन हात मारायचे, मगच उठायचं. पहिली हिरवी लाट मिळाली ती या दोन हातांमुळे. तिच्यावर आवाजच नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फेसात कानाशी सतत खळखळ असते. इथे बोर्डाखालून बारीक सरसर येते, बस. नंतरच्या काही लाटांवर थोडं उजवीकडे तिरकं जाता आलं. वळणं वगैरे अजून दूर आहेत.

भरतीबद्दल एक. हर्णैचा मामा तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो: अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. हिशोब झकास आहे, पण तो आपल्या कोकणचा. दक्षिणेला वेळ सरकते, शिवाय मंगळुरूकडे भरती-ओहोटीतला फरक दीड मीटरच्या आसपास, मुंबईच्या मानाने बराच कमी. तिथे तक्ताच बघा. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग तुझी अष्टमी चुकली असेल."

रिप करंट, म्हणजे समुद्रात आत ओढून नेणारा प्रवाह, कसा ओळखायचा तेही अण्णाने किनाऱ्यावरून दाखवलं. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा गडद, शांत दिसतोय, तोच परतीच्या पाण्याचा रस्ता. नवखे नेमके तिथूनच आत उतरतात, कारण ते सोपं दिसतं. अडकलं तर बोर्ड सोडायचा नाही आणि किनाऱ्याला समांतर बाजूला निघायचं.

पुढचं लक्ष्य टर्टल रोल. आत जाताना समोरून फुटलेली लाट आली की बोर्डाच्या कडा धरून स्वतःसकट उलटं व्हायचं, लाट वरून जाऊ द्यायची, मग परत सुलटं. तलावात बोर्ड नेता येत नाही, त्यामुळे याचा पुण्यात काहीच सराव होत नाही. दरम्यान महाबलीपुरमच्या २०२५ च्या एशियन सर्फिंग चॅम्पियनशिपमधले आपल्या रमेश बुदिहाळ या सर्फरचे व्हिडिओ बघतेय. त्याला तिथे कांस्य मिळालं. सगळे त्याची वळणं बघतात. तुम्ही त्याआधीचे हात बघा, किती थोडे मारतो आणि किती खोल.

एप्रिलमध्ये पुन्हा मुल्की. जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर आमच्यासारख्यांना काम नाही, मोठ्या मासेमारी बोटीसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असतात. त्या काळात पूर्व किनाऱ्यावर, चेन्नईजवळच्या कोवलम-महाबलीपुरमकडे पाणी चांगलं असतं, म्हणून चेन्नईच्या गाडीचं रिझर्व्हेशन बघायला घेतलंय. टँकचा पासही पावसाळ्यासकट वाढवलाय, काकूंना सांगून टाकलं.