पाच इंच पुढे आलेला ओटा

तो फोटो मी मोबाइलमधून अजून काढलेला नाही. काळा ग्रॅनाइट, खाली पिस्ता रंगाच्या ट्रॉल्या आणि त्यांच्या रेषेत बसलेला दोन पाखी दारांचा भलामोठा फ्रिज. दारं तेवढी पुढे, बाकीचं अंग ओट्याच्या काठाशी सुतात. नवीन गिऱ्हाईक आलं की मी हाच फोटो आधी दाखवायचो.

ट्रॉल्यांच्या धंद्यात मला चौदा वर्षं झाली. लोकांना वाटतं, आमची भांडणं शेगडी-सिंकवरून होत असतील. खरी भांडणं फ्रिजवरून होतात. बिल्डरच्या नकाशात कोपऱ्यात दोन बाय दोनचा चौकोन असतो, त्यात ‘रेफ’ लिहिलेलं. नकाशा काढणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी आपल्या घरचा फ्रिज टेपने मोजावा. साधा एका दाराचा फ्रिजसुद्धा दोन फुटांत मावत नाही, आणि हल्ली येतात ते तीन फूट रुंदीचे.

हे घर बालेवाडीतलं. काका-काकू पेठेतलं जुनं घर सोडून तिथे राहायला जाणार होते. मुलगा न्यू जर्सीत. पैसे त्याचे, आवड त्याची, बोलणं व्हिडिओ कॉलवर, तेही आपल्या रात्री साडेदहाला. त्याचं म्हणणं एकच: “फ्रिज ओट्याच्या पुढे आलेला दिसला नाही पाहिजे.” तिकडे ओट्याच्या मापाला जुळणारे कमी खोलीचे फ्रिज मिळतात, ते त्याच्या डोळ्यांत बसलेले. इथे त्याने ऑनलाइन सेलमध्ये जो घेऊन टाकला होता तो तसला नव्हता.

फ्रिजची खोली म्हणजे काय, हे इथे जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मी घरं इथेच फसतात. याचं अंग 26 इंच, त्यावर दार 3 इंच. मागे पिन आणि हवा यांसाठी आणखी 3. झाले 32. ओटा 24. म्हणजे फ्रिज आठ इंच बाहेर. बरं, दारासकट आत ढकलावा तर तेही चालत नाही. बिजागरीच्या बाजूला पट्टी किंवा भिंत आली की दार काटकोनात अडतं, आणि आतले भाजीचे खण दाराला घासून अर्धेच बाहेर येतात. म्हणून दारं बाहेरच ठेवायची असतात. अंग तेवढं लपवायचं.

विटांची भिंत असती तर मी मागून चार इंच खोबण काढली असती. निदान पॉइंट तरी बाजूच्या ट्रॉलीमागे सरकवून पिनेची जागा वाचवली असती. पण इमारत मायवानची. ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंती काँक्रीटमध्ये ओतलेल्या, वीट नावाला नाही. तिथे छिन्नी लावायची नाही असं बिल्डरने ताबा देतानाच लिहून घेतलेलं, आणि ते बरोबरच आहे, त्या भिंतींवरच इमारत उभी असते. पॉइंट नेमका फ्रिजच्या पाठीमागे, हलणार नाही.

मग मी माझी युक्ती काढली. फ्रिज मागे जात नाही ना, मग ओटा पुढे आणू. 24 चा 29 केला. ट्रॉल्या ज्यांवर सरकतात ते चॅनेल नेहमीचे 20 इंची, मागे पोकळी राहिली, राहू दे. मुलगा खूश. “ब्रिलियंट!” म्हणाला. मीही त्या रात्री स्वतःवर खूश होतो, खोटं कशाला बोलू.

पण आमचा सुतार, दहावी नापास, लॅमिनेट चिकटवता चिकटवता म्हणाला, “साहेब, बाईंचा हात वर पोचंल का?” मी म्हटलं, तू तुझं काम कर.

उंची मला माहीत नव्हती अशातला भाग नाही. काकू चार फूट दहा इंच. ओट्याची उंची मी स्वतः त्यांना उभं करून, कोपराखाली चार इंच सोडून, 32 धरली होती. वहीत लिहिलेलं आहे. वरची कपाटं मात्र नेहमीची, 12 इंच खोल. ओटा पाच इंच पुढे आला तर वरचं कपाटही पाच इंच पुढे आणायला हवं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण कारखान्यात 12 तयार होती. 17 ची म्हणजे वेगळी कटिंग, वेगळे पैसे, आणखी आठ दिवस. दसऱ्याला त्यांचा गृहप्रवेश होता.

दसऱ्याच्या दिवशी फोटो झाले, व्हिडिओ कॉल झाला. गर्दी पांगल्यावर काकू साखरेचा डबा काढायला गेल्या. टाचा उंचावल्या, पोट ग्रॅनाइटला टेकलं, बोटं कपाटाच्या मुठीच्या वीतभर अलीकडे. मग त्यांनी सिंकमागच्या खिडकीची कडी लावून पाहिली. तिथेही तेच. माझ्याकडे वळून हसल्या. “सवय होईल हो.” मी मान हलवली आणि उरलेल्या पैशांचा विषय काढला. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात.

दिवाळीनंतर एका ट्रॉलीचं चॅनेल अडकतंय म्हणून फोन आला. गेलो. ओट्याखाली प्लास्टिकचं स्टूल. साखर, चहा, डाळी, सगळे डबे खाली ओट्यावर मांडलेले. वरची कपाटं रिकामी असणार, मी उघडून बघितली नाहीत. चहा करायला काकू ड्राय बाल्कनीत गेल्या. तिथे वॉशिंग मशीनशेजारी त्यांचा जुना एका दाराचा फ्रिज चालू होता. दूध त्यात, विरजण त्यात, ओल्या फडक्यात गुंडाळलेली कोथिंबीर त्यात.

“आणि हा?” मी नव्याकडे बोट केलं.

त्यांनी दार उघडलं. पाण्याच्या चार बाटल्या, सुनेने पाठवलेली चॉकलेटं आणि एका खणात काकांची इन्सुलिन. “बाकी ठेवू काय एवढं? माणसं दोन.”

मी म्हटलं, “काकू, वरची कपाटं मी बदलून देतो. सतरा इंचांची. माझ्या खर्चाने.”

“नको हो,” त्या कपात चहा गाळत म्हणाल्या, “पुन्हा ती धूळ, तो ड्रिलचा आवाज, यांना सोसत नाही. आणि तो रविवारी फोन लावतो तेव्हा मी या फ्रिजसमोर उभी राहते. मागे छान दिसतं म्हणतो.”

चॅनेलमध्ये तांदळाचा दाणा अडकला होता. काढला. पैसे घेतले नाहीत.