लक्ष्मी रस्त्याचे पुस्तक व्हायला हवे

शहरांच्या छायाचित्रांची पुस्तके मी गेली अनेक वर्षे आवडीने जमवत आलो आहे, आणि आता माझे ठाम मत झाले आहे की अशा पुस्तकाचा कस एकेका देखण्या छायाचित्रावर लागत नाही. पानामागून पान कोणत्या क्रमाने येते, यावर लागतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचे असे पुस्तक व्हायला हवे, असे मला वाटते.

एड रुशे या अमेरिकी चित्रकाराने १९६६ साली लॉस एंजेलिसमधील सनसेट स्ट्रिप या रस्त्याच्या दोन्ही बाजू छायाचित्रांत सलग टिपल्या आणि त्यांचे घड्या घातलेल्या एकाच पट्टीचे पुस्तक केले. ही पट्टी उलगडली की सुमारे २५ फूट भरते. वरच्या कडेने रस्त्याची एक बाजू जाते, खालच्या कडेने दुसरी उलटी येते आणि इमारतींखाली त्यांचे क्रमांक असतात. कोणतीही इमारत देखणी म्हणून मोठी केलेली नाही, आणि मला या पुस्तकाचे खरे मोल त्यातच वाटते. पुण्यात विश्रामबाग वाड्याच्या कोरीव सज्जाची छायाचित्रे हवी तितकी मिळतात, परंतु लक्ष्मी रस्त्यावर दुकानांच्या पाट्यांच्या वरच्या बाजूला उरलेले साधे लाकडी सज्जे आणि कठडे क्वचितच कोणी टिपतो, आणि इमारत पाडली गेली की तेही जातात.

रुशेच्या पुस्तकात माणसांना मात्र फारशी जागा नाही. ती उणीव छायाचित्रकार बिल कनिंगहॅम यांच्या १९७८ सालच्या ‘फसाड्स’ (इमारतींचे दर्शनी भाग) या पुस्तकात भरून निघते, कारण न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींसमोर त्यांनी छायाचित्रकार एडिटा शर्मन यांना त्या त्या काळाच्या पोशाखात उभे केले, आणि त्यामुळे दगडी नक्षी व झग्याची चूण एकाच अभिरुचीतून आल्याचे डोळ्यांना पटते. आपल्याकडे असा जुना पोशाख मुद्दाम चढवण्याची गरज नाही. स्कार्फने चेहरा गुंडाळून दुचाकीवर निघालेल्या मुली, लग्नाचा बस्ता बांधायला आलेली कुटुंबे आणि दुकानाच्या पायरीवर उभे राहून त्यांना आत बोलावणारे विक्रेते, ही या रस्त्याची आजची वेशभूषा आहे.

लक्ष्मी रस्त्याचे पुस्तक बेलबाग चौकातून सुरू होऊन अलका टॉकीजच्या चौकात संपावे, कारण विसर्जनाची मिरवणूक त्याच दिशेने जाते आणि पुणेकराच्या मनात या रस्त्याचा क्रम तसाच बसलेला आहे. प्रत्येक ठिकाणाची दोन छायाचित्रे समोरासमोरच्या पानांवर असावीत: डावीकडे दुकाने उघडण्यापूर्वीची सकाळ, जिच्यात केवळ वास्तू दिसते, आणि उजवीकडे त्याच जागेवरून घेतलेली संध्याकाळची गर्दी. रस्ता अरुंद असल्याने खालून कॅमेरा वर रोखला की इमारतीच्या उभ्या रेषा आत झुकतात; म्हणून समोरच्या पहिल्या मजल्यावरून, तेथील रहिवाशांची किंवा दुकानदारांची परवानगी घेऊनच, हे काम करावे लागेल, आणि दोन्ही वेळांसाठी तीच खिडकी मिळवावी लागेल.