पिंगळा की रानपिंगळा? माझी नोंदवही, भाग 3

मागच्या भागात ज्या फोटोखाली मी मोठ्या ऐटीत 'रानपिंगळा' लिहिलं होतं, ते खोडलं. साधा पिंगळाच निघाला. (दोन्ही छोटी घुबडं.) भरदिवसा उघड्या फांदीवर बसलेला दिसला आणि मी भुललो. रानपिंगळा दिवसा शिकार करतो हे खरं, पण साधा पिंगळाही ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतोच की!

आता आधी डोकं आणि पाठ बघतो. साध्या पिंगळ्याच्या दोन्ही ठिकाणी पांढरे ठिपके शिंपडलेले. रानपिंगळ्याच्या जवळजवळ कोऱ्या. त्याचे पंख-शेपटीवरचे पट्टे मात्र ठळक, छातीवरचा तपकिरी रंग दाट आणि पाय दणकट, पिसांनी भरलेले. आकारावर जाऊ नका. 21 आणि 23 सेंटिमीटरमधला फरक झाडाखालून कुणाला कळणार?

वर्गीकरणाचं पान दोनदा लिहिलं. ब्रिटिश पक्षी-अभ्यासक ह्यूमने 1873 मध्ये रानपिंगळ्याला 'हेटेरोग्लॉक्स' ही वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) दिली होती. जनुकीय अभ्यासानंतर तो साध्या पिंगळ्याच्याच 'अथेनी' प्रजातीत आला. म्हणजे मराठी नावांनी जे नातं आधीच मानलं होतं, तेच.

नकाशावर मात्र दोघांची तुलनाच नको. साधा पिंगळा इराणपासून आग्नेय आशियापर्यंत, अगदी वस्तीतही. रानपिंगळा फक्त मध्य आणि पश्चिम भारतातल्या तुटक जंगलांत: सातपुडा, मेळघाट, डांग, तानसा.

या नकाशात एक खोटा ठिपकाही होता. 1884 नंतर पक्षी कुणाला सापडेना, तरी माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाने 1914 चा म्हणून एक नमुना गुजरातमधल्या मांडवीच्या नावावर दाखवला. तो चोरलेला जुना नमुना निघाला. ती नोंद बाजूला ठेवून खऱ्या जुन्या ठिकाणांकडे शोध वळला, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी-अभ्यासकांना रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी! माझा खोडलेला फोटो त्यापुढे किरकोळ, पण चुकीच्या नोंदीची धास्ती तेव्हापासून बसली आहे.

संवर्धनाच्या रकान्यात साधा पिंगळा 'चिंता नसलेला'. रानपिंगळा 2018 मध्ये 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' झाला. त्यावरून पक्षी वाढले असं समजू नका. नवी ठिकाणं सापडली, म्हणून अंदाज सुधारला. जंगलतोड चालूच आहे.

पुढच्या भागात आवाज. रानपिंगळ्याची शीळ मऊ, साध्याची कर्कश किचकिच. कान अजून दहापैकी तीनदा चुकतो.