मामा तलाव अपडेट : मरळ लागली, पण कलम 165 नं पाणी फेरलं

राजेहो, आपल्या मामा तलावात (माजी मालगुजारी तलाव, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जुन्या गावजमीनदाराचा, मालगुजाराचा तलाव) शेवटी मरळ लागली! मागच्या तीन खेपा कोऱ्या गेल्या होत्या, या खेपेला सलंगाकडच्या (जादा पाणी निघते तिथल्या) बेशरमच्या झुडपात फ्रॉग (बेडकासारखं रबरी आमिष) टाकला, थांबत थांबत ओढला अन् असा दणका बसला का रॉड हातातून जाता जाता राहिला. सव्वा किलो! ब्रेड (विणलेली दोरी) 40 पाउंडाचा होता म्हणून झुडपातून निघाली. तो स्वस्तातला फ्रॉग मात्र कोणी घेऊ नका, चार कास्टात पोटात पाणी भरते.

पण पाळीवरून (तलावाच्या बांधावरून) उतरलो तर मच्छीमार सोसायटीचे दोघं उभे. सोसायटीचा मासेमारीचा नवा पाच वर्षांचा ठेका झाला, आता गळ बंद. "भाऊ, बोटुकली (माशांची पिल्लं) आम्ही पैसे भरून सोडली." बरोबरच आहे त्यांचं, ढिवरांचं (मासेमारी करणाऱ्या समाजाचं) पोट त्या तलावावर आहे, मी भांडलो नाही.

मग परवानगी द्यायची कोणी? सिंचन जिल्हा परिषदेकडे, मासे सोसायटीकडे, मागचा काठ वनविभागाकडे. दोन आठवडे यातच गेले. तलाठ्याकडं निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक वापराच्या हक्कांची नोंद) पाहिलं (महसूल संहिता 1966, कलम 161), त्यात गुरांना पाणी, गाळ, वाट सगळं आहे. मग कोणीतरी वाजिब-उल-अर्ज (गावच्या रिवाजांची नोंद) सांगितलं, त्याच संहितेचं कलम 165, त्यात गावाच्या रिवाजानं मासेमारीचा हक्क नोंदवता येते! मी तर रात्री झोपलोच नाही. सकाळी कलम पूर्ण वाचलं तर तो हक्क सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या पाण्यापुरताच. अन् आपले तलाव? 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, 1951 ला तलाव सरकारजमा झाले, म्हणूनच तर माजी मालगुजारी म्हणतात. म्हणजे ज्या कायद्यानं तलाव मालगुजाराच्या हातून सोडवला त्यानंच माझी वाट बंद केली, लय जीवाला लागलं.

पाणी अन् मासेमारी दोन्ही राज्यसूचीत (राज्य सरकारच्या विषयांच्या यादीत), त्यामुळं ठेक्याचा नियम मुंबईत बदलला का इथं पाळीवरचा माणूस बदलते. म्हणून मला वाटते का दर वेळी नव्या ठेकेदाराच्या पाया पडण्यापेक्षा लेखी काहीतरी पाहिजे.

आधी ठरवलं होतं का नवेगावबांधच्या तलावाकडं जाऊ, पण तो भाग 2013 पासून व्याघ्र प्रकल्पात, तिकडं गळ घेऊन फिरायचं नाही. वैनगंगेचा विचार करत होतो अन् हे लिहिता लिहिताच आठवलं, 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(1)(घ) मध्ये पाणसाठ्यातले मासे सामूहिक हक्कात येतात. तो हक्क माझा नाही, जंगलाकाठच्या गावाचा आहे, पण काठावरच्या टोल्याचा (वस्तीचा) या हक्काचा दावा मंजूर असेल तर ग्रामसभाच गळाचा रोजचा पास देऊ शकते का? पैसे गावाला, मरळ परत पाण्यात, अन् पिल्लांचा थवा घेऊन फिरणाऱ्या जोडीवर गळ टाकायचाच नाही.

वैनगंगा रद्द. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला अर्ज घेऊन जातो, त्याआधी सोसायटीच्या सचिवांसोबत बसतो. गोंदिया, गडचिरोलीकडं कोणी असा पास पाहिला असेल तर फोटो टाका. अन् पाणी न भरणारा फ्रॉग कुठं मिळते तेही सांगा, हा फेकलाच.