तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा देखणा मेंढा का काढला?

जतच्या बाजारात भेटेल तो हेच विचारतोय, अहो एवढा देखणा माडग्याळ जातीचा मेंढा, पोपटाच्या चोचीसारखं नाक, अन् दोन वर्षांतच कळपातनं काढलात? परवा तुम्ही पण फोनवर विचारलंत म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

1972 च्या दुष्काळात आज्जाकडं सात मेंढ्या उरल्या. बाकीच्या चाऱ्यावाचून गेल्या नाहीतर मातीमोल विकल्या. पुढं पाऊसपाणी बरं झालं, कळप साठाच्या वर गेला, घरातले म्हणायचे सावरलं एकदाचं. मी बीएस्सीला जेनेटिक्स शिकलो तेव्हा कळलं की सावरला तो आकडा, रक्त तेच सात जणींचं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एलिफंट सील या समुद्री जनावराचं असंच झालं, तेलासाठी मारून मारून 19 व्या शतकाच्या शेवटी शंभराच्या आत राहिले होते, आता दोन लाखांच्या घरात आहेत, पण जनुकं बघितली तर सगळे जवळपास एकाच साच्यातले. पिल्लावळ वाढली म्हणून गेलेली जनुकं परत येत नाहीत. नवी घडायला फार पिढ्या जातात, नाहीतर बाहेरनं आणायची.

आता मेंढ्याचा हिशेब. चाळीस माद्या अन् एक नर, डोकी एक्केचाळीस, पण पुढच्या पिढीचा निम्मा वारसा त्या एकट्याचा, त्यामुळं वारशाच्या दृष्टीनं कळप खरा केवढा ते काढायच्या सूत्रात घातलं (नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज) तर उत्तर येतं 3.9. चारच जनावरं की! त्यात दोन वर्षांत त्याच्याच लेकी माजावर येतात, म्हणजे बापाचा संबंध लेकीशीच. आधीच्या मेंढ्याला मी मोहापायी ठेवला होता, तर एक कोकरू खालचा जबडा आखूड घेऊन जन्मलं, सड तोंडात धरता येईना, बाटलीनं पाजलं, अकराव्या दिवशी गेलं. एका कोकरावरनं सिद्ध काही होत नाही, मान्य आहे, पण असले दोष आईबापात लपून बसतात आणि दोन्हीकडनं आले की बाहेर पडतात, मला तेवढं पुरे झालं.

खरी भीती वेगळीच हाय. लाखांत बोली लागलेल्या एखाद्या मेंढ्याचीच पैदास सगळ्यांना पाहिजे, म्हणजे मी मेंढा बदलला तरी येणारा त्याचा चुलतभाऊच! म्हणून यंदा कवठेमहांकाळकडनं आणलाय, आई-आजीपर्यंत चौकशी करून. नाक जरा सरळच आहे त्याचं, फोटो काढायला कोण थांबत नाही.